खुब्याची कृत्रिम वाटी

खुब्याचा सांधा उखळीचा असतो. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या हाडातील खोबणीत फिरतो. सांधा झिजल्यावर ही खोबण कोरून तीत बसवलेल्या कृत्रिम अस्तराला ‘वाटी’ म्हणतात.

आधुनिक वाटीचे श्रेय इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयाचे शल्यविशारद जॉन चार्नली यांचे. त्यांच्या टेफ्लॉनच्या वाट्या काही वर्षांतच झिजल्या आणि झिजेच्या कणांनी भोवतालच्या ऊतींना दाह झाला. खचून न जाता त्यांनी टेफ्लॉन आणि पॉलिएथिलीन या दोन्ही पदार्थांचे कण स्वतःच्या मांडीत घालून पाहिले, हे धैर्य नोंदवायलाच हवे. 1962 पासून त्यांनी अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन वापरले. कृत्रिम माथा सुमारे 22 मिमी. व्यासाचा, म्हणजे लहान ठेवल्याने घर्षणही घटले.

चार्नलींची वाटी ॲक्रिलिक सिमेंटने बसे. सिमेंट चिकटवत नाही. ते हाडाच्या छिद्रांत शिरून घट्ट होते. म्हणूनच हाड धुऊन रक्त टिपून घेणे महत्त्वाचे. सिमेंटविरहित पद्धतीत खोबण वाटीपेक्षा साधारण 1 मिमी. लहान कोरतात आणि टायटेनियमचे कवच ठोकून बसवतात. त्याच्या सच्छिद्र पृष्ठभागात पुढे हाड वाढते. गरज पडल्यास स्क्रू लावतात, ते शक्यतो मागच्या-वरच्या भागात. पुढच्या बाजूला मोठ्या रक्तवाहिन्यांना धोका असतो. कवचात पॉलिएथिलीन वा सिरॅमिकचे अस्तर बसते.

वाटीचा कल साधारण 40° आणि पुढे झुकाव 15° ठेवण्याचा प्रघात आहे. कोन फार चुकल्यास सांधा निखळू शकतो.