उलटी बाजू नसलेली वीण

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या वाशीमला थंडी ती किती? दिवाळी उलटली की पहाटे पांघरूण अंगावर ओढावंसं वाटतं, संक्रांतीपर्यंत कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोट्या दिसतात आणि होळीनंतर ऊन पुन्हा आपलं राज्य सुरू करतं. वर्षातले नऊ-दहा महिने ज्या गावात लोकरीला हात लावावासा वाटत नाही, तिथे बसून लोकरीच्या विणीचा इतिहास सांगणं जरा विचित्रच. पण आमच्या घरच्या लोखंडी ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, एक मफलर आहे. एका बाजूने तो मरून रंगाचा, त्यावर पांढरी फुलं. उलटा केला की पांढरा, त्यावर मरून फुलं. पाहुणे तो हातात घेतात, उलटतात, पुन्हा उलटतात आणि विचारतात, "याची उलटी बाजू कुठंय?"

उलटी बाजू नाहीच. सोलापुरी चादर उलटली की रंगांची अदलाबदल झालेली दिसते, तसंच हे. फरक एवढाच की इथे माग नाही, यंत्र नाही. साध्या दोन सुया आहेत. मफलर नीट चिमटीत धरला तर कळतं, की ही एकावर एक दोन कापडं आहेत. फुलाच्या जागी ती एकमेकांना धरून असतात, मोकळ्या जागी सुटी. दोन्ही एकाच वेळी, एकाच सुईवर विणलेली. आम्ही तिला दुहेरी वीण म्हणतो. माझ्या आत्याबाईंनी ती मला शिकवली आणि शिकायला मला दोन हिवाळे लागले.

वीण समजावून सांगते. ज्यांना सुया धरता येत नाहीत त्यांनी एवढा भाग सोडला तरी चालेल, पण सोडू नये. सुईवर सम संख्येने टाके घालायचे, समजा चाळीस. पहिला टाका सुलट विणायचा. दोरा पुढे आणायचा आणि दुसरा टाका न विणता नुसता उचलून घ्यायचा. दोरा मागे, तिसरा सुलट. दोरा पुढे, चौथा उचलून. ओळ संपली की काम फिरवायचं आणि पुन्हा तेच. पहिल्या ओळीत जे टाके उचलले ते दुसऱ्या ओळीत विणले जातात आणि विणलेले उचलले जातात. एक आड एक टाका पुढच्या कापडाचा, एक आड एक मागच्या कापडाचा. चाळीस टाक्यांत वीस-वीस टाक्यांची दोन कापडं. वीतभर विणकाम झाल्यावर सुई ओढून काढली की वरचं तोंड उघडतं आणि हातात एक पिशवी येते. ना शिवण, ना जोड.

दोन रंग घेतले की गंमत वाढते. पुढचा टाका मरून दोऱ्याने सुलट, मागचा पांढऱ्याने उलट; फुलाच्या जागी दोऱ्यांची अदलाबदल. अदलाबदल झाली की दोन्ही कापडं त्या जागी गुंततात. चूक बहुतेक एकाच ठिकाणी होते: दोरा मागेपुढे न्यायचं राहतं आणि नको तिथे दोन्ही कापडं एकमेकांना शिवली जातात. हे लगेच दिसत नाही. आठ-दहा ओळी झाल्यावर बोट आत जात नाही, तेव्हा समजतं.

माझी पहिली पिशवी झाली तेव्हा सुई काढायची हिंमत होईना. सुई काढली की टाके सुटतात, हे लहानपणापासून मनावर बिंबलेलं. आत्याबाई शेजारी शेंगा सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "वढ सुई. काहाले भेतं?" ओढली. कापड दोन ओठांसारखं उघडलं. खाली मात्र एका जागी चिकटलेलं होतं. त्यांनी बोट घालून पाहिलं, जागा दाखवली आणि सगळं उसवायला सांगितलं.

ही वीण किती जुनी? निदान एक भक्कम पुरावा साहित्यात आहे. टॉलस्टॉय यांची 'युद्ध आणि शांती' ही कादंबरी १८६९मध्ये पूर्ण झाली. तिच्या उपसंहारात अॅना माकारोव्हना नावाची एक म्हातारी दाई आहे. ती एकाच वेळी, त्याच सुयांवर, एकात एक असे दोन मोजे विणते आणि काम पूर्ण झालं की मुलांना जमवून एका मोज्यातून दुसरा मोजा बाहेर काढून दाखवते. मुलं आनंदाने ओरडतात. टॉलस्टॉय कृती सांगत नाहीत. ते गुपित दाईचंच राहतं. पण सुईवर एक आड एक टाके ठेवण्याची आपली हीच युक्ती, सपाट कापडाऐवजी मोज्याच्या गोलावर चालवलेली. आमच्या वीतभर पिशवीत एक टाका चुकला तर रडू येतं. तिथे टाचेसकट दोन मोजे!

विणकाम मात्र त्याहून कितीतरी जुनं. दोन सुयांच्या विणकामाचे आज जगात टिकून असलेले सर्वांत जुने नमुने इजिप्तमध्ये सापडले. साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांतले. आणि वऱ्हाडातल्या माणसाने कान टवकारावेत अशी गोष्ट म्हणजे त्यांतले बरेचसे मोजे लोकरीचे नाहीत, कापसाच्या सुताचे आहेत. निळं आणि पांढरं सूत, बारीक टाके आणि भौमितिक नक्षी. कारंजा-मंगरूळपीरकडचा कापूस परदेशी गिरण्यांकडे जाऊ लागला, त्याच्या कित्येक शतकं आधी कापूस सुईवर विणला जात होता. विणकाम म्हणजे लोकर आणि लोकर म्हणजे थंड देश, हे समीकरण नंतरचं.

पुढे युरोपात हे काम पुरुषांच्या हाती गेलं. विणकरांचे संघ होते, उमेदवारी होती, परीक्षा होती आणि संघाचे उस्ताद पुरुष असत. इंग्लंडमध्ये विल्यम ली नावाच्या धर्मोपदेशकाने १५८९मध्ये मोजे विणायचं यंत्र बनवलं. राणी एलिझाबेथने त्याला पेटंट दिलं नाही. हाताने विणणाऱ्या गरिबांच्या पोटावर पाय येईल, असं ती म्हणाल्याचं सांगतात. यंत्र थांबलं नाहीच. १७५८च्या सुमारास जेडेडाया स्ट्रट याने त्या यंत्राला सुयांची दुसरी रांग जोडली आणि यंत्रालाही सुलट-उलट टाके एकत्र घालता येऊ लागले. आज बाळाच्या झबल्याचं मऊ होजियरी कापड दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं, तेही सुयांच्या दोन रांगांचंच काम. यंत्राला जे करायला दुसरी रांग लागली, ते आत्याबाई एका सुईवर करत. असो, हे कौतुक माझं घरचं आहे.

मराठी घरांत या सुया आल्या त्या शाळेच्या वाटेने. आपल्याकडे कापड विणणं होतं, खाट विणणं होतं. सुयांचं विणकाम नवीन होतं. भाषेने त्याला नवं क्रियापदसुद्धा दिलं नाही. साडी, खाट, टोपली, स्वेटर आणि कोळ्याचं जाळं, सगळं आपण 'विणतो'. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार १८२७मध्ये मुंबईत आल्या आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळांचं काम करत राहिल्या. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनाबरोबर सुईकाम असायचंच. पुण्यात १८८४मध्ये हुजूरपागेची शाळा निघाली. मुलींनी इंग्रजी शिकावं का, किती तास शाळेत बसावं, यावर 'केसरी'तून मोठं वादळ उठलं. पण गंमत बघा, आक्षेप घेणाऱ्यांना आणि बाजू घेणाऱ्यांना एक विषय सारखाच मान्य होता: सुईकाम. मुलीच्या हातात पुस्तक द्यावं की नाही यावर भांडण, सुई द्यावी यावर एकमत. १९०९मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याचं सेवासदन उभं राहिलं, तेव्हा तीच सुई बाईच्या पोटापाण्याचं साधन म्हणून शिकवली जाऊ लागली. शिवणाच्या बाई हा शाळेतला एक कायमचा माणूस झाला.

आत्याबाईंना दुहेरी वीण शिकवली ती अशाच एका शिवणाच्या बाईंनी, १९६२च्या हिवाळ्यात. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. नेफामध्ये, नामका चू नदीच्या काठी आपले जवान सुती गणवेशात उभे होते, ही बातमी हळूहळू घराघरांत पोचली. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून मुंबईहून दिल्लीला गेले. बायकांनी संरक्षण निधीला बांगड्या दिल्या, आणि देशभर शाळांत, महिला मंडळांत जवानांसाठी स्वेटर विणायला सुरुवात झाली. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. ज्या मुलींनी बर्फ फक्त बर्फाच्या गोळ्यात पाहिला होता, त्या दुपारच्या सुट्टीत खाकी लोकर घेऊन बसल्या.

आत्याबाई सांगत, की बाईंनी स्वेटर साध्या विणीत सांगितला, पण कानटोपीची पट्टी दुहेरी. कारण कानावर दोन थर हवेत, आणि दोन थरांच्या मध्ये हवा अडकते. ही अडकलेली हवाच खरी ऊब देते. लोकर तिला फक्त धरून ठेवते. पदार्थविज्ञानाचा हा धडा त्यांना पुस्तकात नंतर भेटला, सुईवर आधी. पट्टीवर नक्षी काढलेली चालणार नाही, असंही बाईंनी बजावलं होतं. २१ नोव्हेंबरला चीनने युद्धबंदी जाहीर केली. आत्याबाईंच्या टोपीची पट्टी तेव्हा चार बोटं झाली होती. "थांबू नका," बाई म्हणाल्या, "लढाई थांबली, थंडी नाही." टोपी डिसेंबरात गेली. ती कुणाच्या डोक्यावर बसली असेल, हा विचार आत्याबाई म्हातारपणीही करत.

पुढे वाढत्या संसारात लोकर आली ती गुंड्यांनी. वेष्टणावर छापलेलं असायचं: 'डबल निटिंग'. यावरून आमच्या गल्लीत बरेच गोंधळ झाले. ते लोकरीच्या जाडीचं नाव आहे, विणीशी त्याचा काही संबंध नाही. शेजारच्या एक काकू तो गुंडा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ही लोकर आणली, आता आपोआप दुहेरी होईल ना?" दुहेरी विणीला लोकर दुप्पट लागते आणि वेळ दुपटीहून जास्त, हे ऐकल्यावर त्यांनी साधा हाफ स्वेटर विणला. त्यांचं काही चुकलं नाही. मोठं काही विणायचं तर ही वीण परवडत नाही. मफलर, टोपीची पट्टी, बाळाची शाल, गरम भांडं धरायचं फडकं, एवढाच तिचा पसारा.

मला विचाराल तर हाताचं विणकाम मागे पडलं ते आळसाने नाही. १९५९नंतर तिबेटी निर्वासित भारतभर विखुरले. सत्तरच्या दशकात विदर्भातही, आज गोंदिया जिल्ह्यात असलेल्या गोठणगावला त्यांची वसाहत झाली. हिवाळा आला की शहरांतल्या मैदानांवर तिबेटी बायकांच्या स्वेटरच्या रांगा लागायच्या. सुरुवातीला त्यांत त्यांनी स्वतः विणलेले स्वेटर असत. पुढे लुधियानाच्या यंत्रांचा माल भरला. तयार स्वेटर लोकरीच्या गुंड्यांपेक्षा स्वस्त पडायला लागला, तिथे घरच्या सुयांचा हिशेब संपला. तिबेटी बाईच्या सुयांचा आणि आत्याबाईंच्या सुयांचाही, एकाच यंत्राने.

तरीही ही वीण आमच्या भागातल्या बायकांच्या हाताला परकी वाटली नाही, याचं कारण मला गोधडीत दिसतं. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने जोडायचे, वर एक लुगडं, खाली दुसरं. कुठलीही बाजू वर घेऊन पांघरा. मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाची काशी. तांड्यावरच्या बायका कापडाचे थर एकत्र शिवून त्यावर आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्यांचं भरतकाम करत आल्या. बैलांवर धान्य-मीठ लादून मुलुखभर फिरणाऱ्या लोकांना पिशवी, बटवा, बैलाची झूल टिकाऊ लागायची. एक थर पुरत नसे. आगगाडीने त्यांचा व्यापार नेला, सुई राहिली. २०२४च्या ऑक्टोबरात पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. माझी एक तक्रार मात्र संग्रहालयं नावाच्या प्रकाराशीच आहे: कुठेही जा, कापड काचेआड असतं आणि आपल्याला फक्त पुढची बाजू दिसते. सुईकाम कळतं ते उलटून पाहिल्यावर. थर कसे धरलेत, गाठ कुठे लपवलीय, दोरा पुढच्या फुलाकडे कुठून नेलाय, हे सगळं मागे असतं.

आत्याबाईंची एक वही माझ्याकडे आहे. चौकटींच्या पानांची, गणिताची. भरलेली चौकट म्हणजे मरून, रिकामी म्हणजे पांढरा. समास सोडून कडेला 'सु' आणि 'उ' अशी अक्षरं आणि दर ओळीच्या टोकाला एक छोटा बाण, कारण काठाला दोन्ही दोरे एकमेकांत पिळले नाहीत तर कड उघडी राहते. हे कुठेही शब्दांत लिहिलेलं नाही. बाण कशासाठी, ते मी त्यांना विचारलं म्हणून मला माहीत. शेवटच्या पानावर मोराचा नमुना आहे, मानेपर्यंत. पिसारा त्यांनी काढलाच नाही. गेल्या हिवाळ्यात मी मान विणून ठेवली आहे आणि पिसाऱ्याच्या चौकटी माझ्या भाचीने पेन्सिलीने भरायला घेतल्या आहेत. तिने एक चूक केली. मोराची मान डावीकडे वळलेली आहे, तिने मागच्या बाजूने तो उजवीकडे वळेल हे धरलंच नव्हतं. मी तिला कापड उलटून दाखवलं.