केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर

केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर ही ऑस्ट्रियातील केटीएम कंपनीची, पुणे जिल्ह्यातील चाकण येथे बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार होणारी एक-सिलिंडर मोटारसायकल आहे. २०२० मध्ये भारतात आलेली ही गाडी मूलतः डांबरी रस्त्यावरील लांबच्या प्रवासासाठी अधिक सोयीची होती. पुढील पाच वर्षांत ती टप्प्याटप्प्याने कच्च्या वाटेकडे वळली आणि २०२५ मध्ये त्याच इंजिनावर ३९० एंड्युरो आर हे स्वतंत्र प्रारूप निघाले. दगड, चिखल आणि चढउतार यांतून दीर्घ अंतर कापण्याच्या शर्यतींना एंड्युरो म्हणतात. त्यावरूनच अशा गाड्यांना हे नाव मिळाले.

पार्श्वभूमी

बजाज ऑटोने २००७ मध्ये केटीएमचे १४.५ टक्के भागभांडवल घेतले. या सहकार्यातून चाकण येथे लहान क्षमतेच्या केटीएम गाड्यांचे उत्पादन सुरू झाले. २०१२ मध्ये २०० ड्यूक आणि २०१३ मध्ये ३९० ड्यूक भारतात विक्रीस आली. ३९० ड्यूकचे ३७३.२ घन सेंमी क्षमतेचे, द्रवशीतित इंजिन पुढे अ‍ॅडव्हेंचरसाठी वापरण्यात आले.

पहिली पिढी (२०२०–२०२४)

नोव्हेंबर २०१९ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात सादर झालेली ही गाडी जानेवारी २०२० मध्ये २.९९ लाख रुपयांना (शोरूम किंमत) भारतात उपलब्ध झाली. शक्ती सुमारे ४३ अश्वशक्ती आणि टॉर्क ३७ न्यूटन-मीटर होता. पुढचे चाक १९ इंची, मागचे १७ इंची आणि दोन्ही अलॉयची होती. सस्पेन्शनची हालचाल पुढे १७० मिमी व मागे १७७ मिमी, तर आसनाची उंची ८५५ मिमी होती. निर्यात होणाऱ्या गाडीत पुढचे सस्पेन्शन चालकाला जुळवून घेता येत असे. भारतीय गाडीत ही सोय नव्हती.

२०२२ मध्ये कच्च्या वाटेसाठी ट्रॅक्शन कंट्रोलची वेगळी पद्धत आणि अधिक मजबूत चाके देण्यात आली. २०२३ मध्ये तारांची (स्पोकची) चाके व जुळवता येणारे सस्पेन्शन असलेली आवृत्ती ३.६० लाख रुपयांना आली. तार आघात सोसताना लवचीक राहते, अलॉयचे चाक मात्र तडकण्याची शक्यता असते. म्हणून खडकाळ वाटेवर तारांची चाके पसंत केली जातात. चाकांचा आकार मात्र पूर्वीचाच राहिला.

दुसरी पिढी (२०२५ पासून)

३० जानेवारी २०२५ रोजी नवी अ‍ॅडव्हेंचर भारतात दाखल झाली. पिस्टनच्या धावेची लांबी ६० वरून ६४ मिमी केल्याने इंजिनाची क्षमता सुमारे ३९९ घन सेंमी झाली. शक्ती ४६ अश्वशक्ती व टॉर्क ३९ न्यूटन-मीटरवर गेला. तारांच्या चाकांच्या आवृत्तीत पुढचे चाक २१ इंची करण्यात आले. मोठे चाक दगडावर वा खड्ड्याच्या काठावर कमी कोनात चढते, त्यामुळे ते अडत नाही. सस्पेन्शनची हालचाल पुढे २०० मिमी व मागे २०५ मिमी इतकी वाढूनही आसन ८३० मिमीपर्यंत खाली आले. स्वस्त ‘एक्स’ आवृत्तीत १९ व १७ इंची अलॉय चाके कायम ठेवली गेली.

३९० एंड्युरो आर

एप्रिल २०२५ मध्ये ३.३६ लाख रुपयांना आलेल्या या प्रारूपात वारा अडवणारी काच व मोठी टाकी वगळली आहे. टाकी केवळ ९ लिटरची आहे, अ‍ॅडव्हेंचरची १४.५ लिटरची असते. वजन सुमारे १७७ किलो आहे. मागचे चाक १८ इंची असल्यामुळे खोल खाचांच्या टायरांना अधिक पर्याय मिळतात.

परदेशी आवृत्तीत सस्पेन्शनची हालचाल दोन्हीकडे २३० मिमी, तळाची जमिनीपासून उंची २७२ मिमी आणि आसन ८९० मिमी उंच आहे. भारतात सादर झालेल्या आवृत्तीत हे आकडे अनुक्रमे २००/२०५, २५३ आणि ८६० मिमी होते. कमी उंचीमुळे सरासरी बांध्याच्या चालकाचे पाय जमिनीवर टेकतात. घाटातील निसरड्या चढावर थांबताना याचा उपयोग होतो. मात्र उडी घेतल्यानंतरचा किंवा मोठ्या दगडाचा धक्का पचवण्याची क्षमता त्याच प्रमाणात घटते. अ‍ॅडव्हेंचरच्या पहिल्या पिढीत दिसलेला भारतीय व निर्यात आवृत्तींमधील फरक अशा प्रकारे येथेही आढळतो.