एका सेकंदात किती चित्रे?

गेल्या आठवड्यात नातू मोबाइल घेऊन माझ्यापुढे बसला. "आबा, हा व्हिडिओ पाहा ना, अटकून अटकून चालते." दोन वर्षांपूर्वी त्याने आपल्याच गेमचे रेकॉर्डिंग केले होते. एरवी मी म्हटले असते, टाक पुसून. पण त्यात मागून हिचा आवाज आला आहे, "जेवाले ये रे!" ती जाऊन वर्ष झाले. कॉम्प्युटरवर जोडकाम करायला घेतले तर आणखीच गंमत, चित्र पुढे पळते आणि आवाज मागे राहतो.

मला लहानपणीचा जत्रेतला बायस्कोपवाला आठवला. डब्याचे हँडल तो हाताने फिरवायचा. हात दमला की राजा रेंगाळायचा, गिऱ्हाईक वाढले की पळत सुटायचा!

दादासाहेब फाळक्यांचा कॅमेरासुद्धा हातानेच फिरे. त्या काळी विलायतेहून येणाऱ्या कोऱ्या फिल्मला कडेची भोके नसत. ती रात्री अंधारात यंत्रावर पाडायचे काम सरस्वतीबाईंचे. भोक जरा चुकले की पडद्यावर चित्र थरथरणार. घरातली, पाहुण्यांची उस्तवार करून त्या हे करीत. त्यांचे नाव आम्ही शाळेत कधी शिकवले नाही, याची आता लाज वाटते.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत कॉरोनेशनमध्ये लागला. लांबी सुमारे ३,७०० फूट. एका फुटात १६ चित्रे, आणि मूकपटाचा वेग साधारण सेकंदाला १६. म्हणजे सेकंदाला एक फूट, हिशेब सोपा, तासाभराचा खेळ. तोच पुढच्या काळातल्या २४ च्या वेगाने दाखवला तर ४१ मिनिटांत आटोपतो. जुन्या चित्रपटांतली माणसे तुरुतुरु चालतात ती यामुळे. ती तशी चालत नव्हती हो!

१९३१ साली 'आलम आरा' आला आणि हाताचा कारभार संपला. चित्राची घाई डोळा चालवून घेतो, पण आवाजाचा वेग बदलला की गाणाऱ्याचा गळाच बदलतो. म्हणून २४ पक्के ठरले.

नातवाच्या मोबाइलने मात्र पुन्हा बायस्कोपवाल्यासारखेच केले होते. गेमचा भार वाढला की चित्रे गळायची, कधी सेकंदाला ३०, कधी २०. जोडकामाचा प्रोग्राम सगळीकडे ३० धरून चालायचा, म्हणून चित्र पळायचे. उपाय नातवानेच शोधला. मूळ फाइल तशीच ठेवून हँडब्रेक नावाच्या मोफत प्रोग्रामातून तिची नवी प्रत काढली, सेकंदाला ३० चित्रे, कायम. प्रत्येक चित्र केव्हाचे याची नोंद फाइलीत असतेच, त्यावरून ते जागेवर बसते. गळलेली चित्रे परत येत नाहीत, थोडे धक्के राहिले. असो.

आधीच्या प्रतीत गेममधला गडी उगाचच थबकायचा आणि हिची हाक नंतर यायची. आता आधी "जेवाले ये रे" ऐकू येते, आणि पळणारा गडी जागच्या जागी उभा राहतो.