आपली पदवी आणि विलायतेचे दार



दरवर्षी आपल्या स्मरणिकेत माझी एखादी पाककृती असते. गेल्या खेपेस नाचणीचे लाडू दिले होते. यंदा अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "लाडू पुष्कळ झाले, आता काही लिहा." मी सातवी शिकलेली. लेख लिहायचा म्हणताच मला धसकाच बसला. पण गेले सहा-सात महिने आमच्या घरात एकाच विषयाचा घोष चालू आहे. त्यापायी मी पुष्कळ वाचले, जे समजले नाही ते मुलीकडून समजावून घेतले. तेच जमेल तसे मांडते. चूकभूल पदरात घ्यावी.

झाले असे, की आमची धाकटी बी.कॉम. झाली आणि इंग्लंडातल्या एका विद्यापीठात पुढे शिकायचे तिने मनात घेतले. बातमी आळीभर झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक काकू सर्वांदेखत मला म्हणाल्या, "अगं, आपल्या तालुक्याच्या कॉलेजची पदवी तिकडे कोण विचारतंय? पुन्हा पहिल्या यत्तेपासून बसवतील पोरीला!" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण उत्तर काही सुचले नाही. घरी आल्यावर ह्यांनाही विचारले, तर तेही गप्पच. मग मी ठरवले, की आपणच शोध घ्यायचा. इथला कागद घेऊन विलायतेस जाण्याची वाट काही आज पडलेली नाही. पूर्वी जे गेले, त्यांच्या कागदाचे तिथे काय झाले?

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले, ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. परीक्षा इंग्रजीत, पुस्तके विलायतेची, नियमही तिकडचेच. म्हणजे सासूने आपल्या हाताने वळण लावलेली सूनच म्हणा ना. तरी पाहुण्यांपुढे सुनेचे वाढायच्या आधी सासू चाखून बघतेच! इथल्या पदवीचेही तिथे बरेच दिवस तसेच चालले होते.

पहिली गोष्ट आपल्या नाशिकला जन्मलेल्या एका मुलीची. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म १८६६. वडील पारशी कुळातले, ख्रिस्ती झालेले. आई पुण्यात शाळा चालवीत असे. कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकणारी पहिली मुलगी. मुलांच्या वर्गात ती एकटी बसे. मुंबई विद्यापीठाची पदवी परीक्षा ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. तिच्या गुणांवर तिला विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. पण ती मिळाली नाही, कारण ती स्त्रियांसाठी नव्हती. गुण होते, कागद होता, फक्त कागदावरचे नाव मुलीचे होते.

मुलगी खचली नाही. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात तिने काही दिवस शिकवले. इंग्लंडात लेडी हॉबहाउस नावाच्या बाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून तिच्यासाठी वर्गणी जमवली. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनीही त्यात हातभार लावला. १८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डला सॉमरव्हिल या मुलींच्या संस्थेत दाखल झाली. तिला कायदा शिकायचा होता. बी.सी.एल. ही कायद्याची मोठी परीक्षा तिथे तोवर कोणा स्त्रीने दिलेली नव्हती. तिला बसू देण्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. १८९२ मध्ये ती उत्तीर्ण झाली. पण पदवी? ती नाही. स्त्रियांना पदवी द्यायची नाही, असाच तेव्हा ऑक्सफर्डचा नेम होता. तो १९२० मध्ये सुटला, आणि कॉर्नेलियाबाईंच्या हाती पदवी पडली ती १९२२ साली. परीक्षा झाल्यावर तब्बल तीस वर्षांनी!

मधली तीस वर्षे बाई वाट पाहत बसल्या नाहीत. परत येऊन त्यांनी मुंबई विद्यापीठाची वकिलीची परीक्षाही दिली. तरी स्त्री म्हणून कोर्टात उभे राहू देत नसत. १९०४ पासून बंगालमध्ये पडद्यात राहणाऱ्या विधवा आणि पोरक्या मुलांच्या मिळकती राखण्याचे काम त्यांनी सरकारतर्फे केले. ज्या बायकांना परपुरुष वकिलासमोर तोंड दाखवता येत नव्हते, त्यांच्या अंतःपुरात जाऊन त्यांचे गाऱ्हाणे त्या ऐकत. हिंदुस्थानात स्त्रियांना वकिली करू देणारा कायदा १९२३ मध्ये झाला, तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे गेले होते.

दुसऱ्या डॉक्टर रखमाबाई. त्यांची कोर्टातली कहाणी आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. अकराव्या वर्षी लग्न झाले, पुढे नवऱ्याकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला, आणि १८८७ मध्ये कोर्टाने सांगितले की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाईंजवळ कुठल्या कॉलेजची पदवी नव्हती. जे शिकल्या ते बहुतेक घरी बसून, पुस्तके वाचून. तरी १८८९ साली त्या लंडनला स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत गेल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. पुढे सुरत आणि राजकोट येथे त्यांनी कितीतरी वर्षे बायकांची इस्पितळे सांभाळली. कागद नसला तरी विद्या अडत नाही, फक्त वेळ जास्त लागतो, हे मला त्यांच्यावरून कळले.

कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली यांचे नेमके उलट झाले. त्या १८८३ च्या पदवीधर, आणि १८८६ पासून कलकत्त्याच्या वैद्यकीय कॉलेजचे प्रशस्तिपत्र जवळ असलेल्या. तरी लोक त्यांना पुरती डॉक्टर मानीनात. म्हणून १८९३ मध्ये, घरी लेकरे ठेवून, त्या विलायतेस गेल्या. इथे शिकलेले तिथे जमेस धरले गेले, म्हणून थोड्याच महिन्यांत एडिंबरो आणि ग्लासगोच्या परीक्षा देऊन त्या परत आल्या. मुले मागे ठेवून समुद्रापार जाताना त्या माउलीच्या जिवाचे काय झाले असेल, हे पुस्तकात लिहिलेले नसते. ते आपण ओळखायचे.

आता कोणी म्हणेल, अडचण बायकांचीच होती. तसेही नाही. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे धोंडो केशव कर्वे यांच्या नात्यातले. शाळेच्या वयात कर्व्यांच्याच घरी राहून ते शिकले. मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या नंबराने घेऊन, सरकारी शिष्यवृत्तीवर १८९६ मध्ये ते केंब्रिजला गेले. तिथे त्यांनी शाळेतून नुकत्याच आलेल्या मुलांच्या बरोबरीने पुन्हा पहिल्या पदवीचाच अभ्यास केला. काकू म्हणाल्या तसेच की! पण १८९९ साली निकाल लागला तेव्हा ते सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणितात सर्वांत वरचे. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी. आणि एवढे झाल्यावर परत येऊन फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले, कारण तसा शब्द दिलेला होता.

त्यांची कन्या शकुंतलाबाई परांजपेही केंब्रिजला गणित शिकल्या, १९२९ पर्यंत. वडिलांनी जिथे पहिला नंबर काढला, तिथे मुलीच्या वेळीही स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीची पूर्ण पदवी मिळत नव्हती. केंब्रिजने ती १९४८ मध्ये सुरू केली. म्हणजे आपला देश स्वतंत्र झाल्यावर!

आणि डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. मुंबईची बी.ए. १९१२ साली. मग सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. १९१५ मध्ये. पुढल्याच वर्षी ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही नाव घातले. कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्यासाठी पत्र दिले होते. पुढे या फॉक्सवेल यांनीच लिहून ठेवले, की या गृहस्थांना जिंकण्याजोगे इथे आता काही उरलेले नाही, अशा अर्थाचे. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. मुंबईत प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, एका मित्राने उसने दिले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा गेले. १९२१ मध्ये एम.एस्‌सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी फेरफारासाठी परत दिला. तो पुन्हा लिहून १९२३ मध्ये डी.एस्‌सी. मिळवली. या सगळ्या काळात मुंबईत रमाबाई काटकसरीने घर चालवीत होत्या. बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी वाचताना मला वाटते, त्यातली अर्धी शाई रमाबाईंच्या संसाराची आहे.

आता आजचे सांगते. २१ जुलै २०२२ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात करार झाला. त्यात आपली बारावी, पदवी, पदव्युत्तर पदवी आणि डॉक्टरेट त्यांनी मान्य केली, आणि त्यांच्या पदव्या आपण. तिथली एका वर्षाची एम.ए. किंवा एम.एस्‌सी. इथे चालेल की नाही, ही शंका त्यामुळे मिटली. मात्र वैद्यक, कायदा, इंजिनियरी, परिचर्या, औषधशास्त्र, वास्तुकला हे विषय करारातून वगळलेले आहेत. कॉर्नेलियाबाई आणि रखमाबाईंचे विषय अजून दाराबाहेरच, असे वाचून मला गंमत वाटली. शिवाय प्रवेश द्यायचा की नाही, हे प्रत्येक विद्यापीठ आपल्या मनानेच ठरवते. परदेशचा कागद कितपत भरतो, हे सांगणारी यूके एनिक नावाची एक कचेरी तिकडे आहे. विद्यापीठे तिचा सल्ला घेतात. इंग्लंडातही साधी पदवी तीन वर्षांचीच असते. म्हणून आपल्या तीन वर्षांच्या पदवीवर, गुण पुरेसे असले, तर पुढच्या अभ्यासाला सरळ घेतात. पहिल्या यत्तेपासून नाही हो काकू!

आमच्या मुलीकडे त्यांनी सहाही सत्रांच्या गुणपत्रिका, पदवीचे प्रमाणपत्र, इंग्रजीची परीक्षा आणि दोन शिक्षकांची पत्रे मागितली. गेल्या महिन्यात होकाराचे पत्र आले. पण खर्च फार मोठा. आम्ही बँकेकडे कर्जाचा अर्ज केला आहे, आणि तिला जायला मिळेलच, असे आज मी छातीठोक सांगू शकत नाही. कॉर्नेलियाबाईंपुढे नियमाचे कुलूप होते, आमच्यापुढे पैशाचे आहे. एवढे मात्र समजले, की तिच्या पदवीत काही खोट नाही.

त्या अर्जात एक रकाना होता : आईचे शिक्षण. मुलीने विचारले, "आई, काय लिहू?" मी म्हटले, "सातवी लिही." मग ट्रंक उघडून माझा शाळा सोडल्याचा दाखला काढला. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि घरी धाकटी भावंडे होती, म्हणून माझे नाव काढले. पुढे एके ठिकाणी कामाला अर्ज केला, तेव्हा दहावी नाही म्हणून हाच दाखला मला परत दिला होता. त्यावर शेरा आहे, "अभ्यासात प्रगती चांगली." तो शेरा मी इतक्या वर्षांत कोणाला दाखवला नव्हता. मुलीने तो वाचला आणि काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बाहेरून दहावीला बसण्याचा सतरा नंबरचा अर्ज कसा भरतात, याची सगळी माहिती तिने माझ्यापुढे आणून ठेवली.

भगिनींनो, आपल्यापैकी आणखी तिघीजणी अर्ज भरायला तयार झाल्या आहेत. त्यांतल्या एक त्या हळदीकुंकवाच्या काकूच आहेत! मंडळाची खोली दुपारी तीन ते पाच रिकामी असते. आळीतल्या निवृत्त गुरुजींनी गणित शिकवायचे कबूल केले आहे. आपणांपैकी कोणाची शाळा अर्ध्यावर सुटली असेल, तर संकोच न करता यावे. येताना जुना दाखला शोधून आणावा, तोच अर्जाला लावायचा आहे.