पानाची उजवी बाजू

नैवेद्याचं पान वाढून घेताना आजी पदार्थांची नावं घेत नसे, जागा सांगत असे. मीठ वर मधोमध. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाज्या आणि वाट्या. मधे भाताची मूद, तिच्यावर वरण, आणि सगळं वाढून झालं की शेवटी तूप. चटणी उजवीकडे पडली तर पान परत वाढावं लागे. ती चटणी कशाची, हे मात्र तिने कधी विचारलं नाही.

सणाचं जेवण परंपरेचं असतं असं आपण म्हणतो, तेव्हा ती परंपरा या जागांची असते. जागेवर बसलेला पदार्थ तितका जुना असेलच असं नाही. उजवीकडची पिवळी बटाट्याची भाजी घ्या. पाडवा असो, दसरा असो की सत्यनारायण, तिच्याशिवाय पान अपुरं वाटतं, आणि पुरी आली की ती यायचीच. पण तिचं नावसुद्धा आपलं नाही. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगिजांनी दिला. त्यांच्याकडे तो कॅरिबियन बेटांतून आला होता आणि तिथे त्याचा अर्थ होता रताळं. म्हणजे शब्द एका कंदाचा आणि चिकटला भलत्याच कंदाला. खुद्द बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या खाण्यापिण्याचं सविस्तर प्रकरण आहे. मांडे आहेत, वडे आहेत, दुधात भिजवलेले वडे आहेत, फोडणीला हिंग आहे, तिखटासाठी मिरी आणि आलं आहे. बटाटा नाही, मिरची नाही, लाल भोपळा नाही, मका नाही. असणार कुठून? कोलंबस अमेरिकेला पोचला तो 1492 साली, आणि वास्को द गामा कालिकतला उतरला 1498 मध्ये. सोमेश्वराच्या मुदपाकखान्यापासून हे साडेतीन शतकांहून जास्त पुढचं.

मला कुतूहल आहे ते वेगळंच. सोवळ्यातल्या स्वयंपाकाचे नियम एवढे कडक. मग देवाच्या पानात या मंडळींना घेतलं कोणी?

मिरचीचं सोपं आहे. ती नावाच्या आधारावर आत आली. मिरी घरात होतीच. नवं तिखट आलं, त्याला मिरीवरूनच ‘मिरची’ म्हटलं आणि मिरीची बरीचशी कामं तिच्याकडे गेली. मिरीचे वेल दमट मुलखातच धरतात. मिरची परसातल्या कुठल्याही वाफ्यात येते. स्वस्ताईपुढे फार काळ वाद चालत नाहीत.

लाल भोपळा नात्यातून आला. कोहळा आपल्याकडे प्राचीन, धर्मकृत्यात मानाचा, बळीऐवजी फोडायचा. दुध्याही जुनाच. त्यांच्यासारखाच वेल, तशीच पानं, तसंच फळ, तेव्हा यालाही भोपळा म्हटलं आणि कुळात घेतलं. इतकं पक्कं घेतलं की बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, ऋषींसारखं जुन्या वळणाने जेवायचं, असा ज्या ऋषिपंचमीचा दंडक, तिच्या भाजीत अळू, माठ, सुरण, घोसाळ्यांच्या शेजारी लाल भोपळा आणि मक्याच्या कणसाचे तुकडे हटकून असतात. दोघेही अमेरिकेचे. ऋषींनी यातलं एकही चाखलेलं नव्हतं.

बटाट्याची गोष्ट सगळ्यांत मजेची. लसूण आणि कांदा मनुस्मृतीत नावानिशी वर्ज्य आहेत. ग्रंथकारांना ते ठाऊक होते, म्हणून अडकले. वांगं तर इथलंच, याच मातीत माणसाळलेलं. पण चातुर्मास पाळणाऱ्या घरात कांदा-लसणाबरोबर त्यालाही चार महिने बंदी. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मगच ते परत चुलीवर चढतं. बटाटा कोणाच्या यादीत नव्हता, कारण यादी करणाऱ्यांनी तो पाहिलाच नव्हता. घरचा माणूस उंबऱ्याबाहेर आणि परका थेट देवघरात! शिवाय तो कंद, म्हणून रताळ्याच्या जोडीने उपासालाही चालला. बरेच दिवस टिकणारा, कांद्याशिवाय चव धरणारा, हळद लागली की सणासारखा दिसणारा. उजव्या बाजूला याहून सोयीचं काय मिळणार होतं? आज पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार बटाट्यासाठी ओळखलं जातं.

पोर्तुगीज जिथे ठाण मांडून बसले त्या गोव्यात चवथीच्या खतखत्यात मका, रताळं, लाल भोपळा असे नवे जिन्नस जुन्या कंदांबरोबर एकाच भांड्यात शिजतात. पण त्याला वास लागतो तिरफळाचा, आणि तिरफळ सह्याद्रीचं. गोंयकाराने नवं सगळं घेतलं, जुना वास सोडला नाही. मला हे शहाणपणाचं वाटतं.

गोडाची जागा मात्र खरोखर जुन्या घराण्याकडे राहिली. मानसोल्लासातली शिखरिणी म्हणजे गाळलेलं दही आणि साखर. आपल्या श्रीखंडाची ती पूर्वज. तिचं नाव शिकरणाकडे गेलं आणि पाककृती श्रीखंडाकडे, अशी वाटणी झालेली दिसते. तरी आम्रखंडात पुन्हा गोवा डोकावतोच: हापूस ही पोर्तुगिजांच्या कलमांची करामत, नावही अफोन्सो द अल्बुकर्कवरून. तेव्हा ‘आमच्याकडे पूर्वापार हेच करतात’ असं कोणी ठणकावून सांगितलं की मी मान डोलावतो आणि भाजी पुन्हा घेतो.

या पानात उलट्या नशिबाचा एक जिन्नस आहे. तो म्हणजे हिंग. सोमेश्वराच्या फोडणीत होता, आजच्या वरणात आहे, आणि अजून इथला झालेला नाही. अँडीजचा बटाटा सातगाव पठारावर रुजला. हिंग मात्र आजही मुख्यतः अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तानातून विकत घ्यावा लागतो. देशात त्याची लागवड करण्यासाठी पालमपूरच्या सरकारी संशोधन संस्थेने पहिलं रोप लावलं ते हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात, क्वारिंग गावी, ऑक्टोबर 2020 मध्ये.