तापी-पूर्णेचे गाळाचे मैदान

नदी गाळ आणते म्हणून मैदान तयार होते, हे अर्धेच उत्तर झाले. भीमा आणि गोदावरीही गाळ आणतातच. तरी पठारावर त्यांच्या काठची माती थोडे खोल गेले की संपते आणि काळा पाषाण लागतो. तापी व तिची उपनदी पूर्णा यांच्या खोऱ्यात मात्र गाळाची जाडी काही ठिकाणी 300 मीटरहून अधिक भरते. याचे कारण जमिनीच्या बुडात आहे. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याने, गाविलगडच्या कडेने, मोठा प्रस्तरभंग गेला आहे. त्याच्या दक्षिणेचा भाग खचत गेला आणि नद्या ती खोलगट जागा भरत राहिल्या.

भरणीला क्रम असतो. सुकी, मोर यांसारख्या नद्या डोंगर उतरून सपाटीवर आल्या की उतार एकदम कमी होतो, वेग मोडतो आणि गोटे-दगड तिथेच पडतात. शेजारशेजारच्या अशा पंखाकृती राशी एकमेकींत मिसळून पायथ्याला जाडाभरडा पट्टा तयार होतो. त्यात पाणी झपाट्याने मुरते. रावेर-यावलच्या केळीबागांच्या विहिरींना याच मुरलेल्या पाण्याचा आधार. उपसा मुरण्यापेक्षा वाढल्याने त्या खोल जात आहेत, हेही त्याच हिशेबातले.

वाळू त्याच्या पुढे पडते. चिकणमाती सर्वांत शेवटी, पुराचे पाणी पात्राबाहेर पसरून थबकते तेव्हा बसते. एकदा घट्ट बसलेली ही माती उचलायला वाळूपेक्षा अधिक वेगाचा प्रवाह लागतो, म्हणून ती टिकते. पूर्णेच्या काठाची उभी दरड पाहावी: कुठे वाळू, कुठे पिवळसर पोयटा, मधूनमधून चुनखडीचे पांढरे खडे, माथ्यावर काळी माती. हे थर सलग नसतात. पात्र सरकले की वाळूची जागाही सरकते. त्यामुळे एका विहिरीला लागलेला झरा शेजारच्या विहिरीत लागेलच असे नाही.

गाळाची जमीन म्हणजे सुपीक आणि पाणीदार, हे समीकरण अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या खारपाणपट्ट्यात कोलमडते. तिथे माती कसदार आहे, भूजलही आहे, पण खारे. बारीक मातीतून निचरा मंद होतो, क्षार धुऊन जात नाहीत. त्या पाण्यावर ओलित केले तर सोडियममुळे माती चोपण होते आणि पाणी मुरणेच थांबते. म्हणून हाताशी पाणी असून शेती पावसावर चालते.

आज मात्र तापी भरणीपेक्षा कापणी अधिक करते. तिचे पात्र जुन्या गाळात खोल उतरले आहे आणि दोन्ही काठांना घळी पडल्या आहेत. घळींतून सुटलेली माती आता हतनूर आणि उकाईच्या जलाशयांत साचते आहे.