आयफेल मनोरा आणि समुद्रावरील घड्याळें

भर समुद्रांत जहाजाचा रेखांश काढावयाचा तर बरोबर चालणारें घड्याळ हवेंच. तें ४ सेकंद चुकलें कीं विषुववृत्तावर जहाजाची जागा १ सागरी मैल चुकली. आणि खडक कोणाच्या चुकीची भीड धरीत नाहीं! बंदरांतील कालगोल नेमल्या वेळीं खालीं पडे खरा, पण तो दिसे नजरेच्या टप्प्यांतल्या जहाजांनाच. किनारा सुटला म्हणजे सारी मदार पेटींतल्या क्रोनॉमीटरवर.

ही स्थिति पालटली ती पॅरिसमध्यें. १८८९ सालीं उभारलेल्या आयफेल मनोऱ्याचा परवाना अवघ्या २० वर्षांचा होता. फ्रेंच लष्करांतील गुस्ताव्ह फेरिए यांनीं १९०३-०४ पासून तेथें बिनतारी संदेशांचे प्रयोग चालविले, आणि लोखंडाचा तो डोलारा पुढें टिकला तो बव्हंशीं त्यामुळेंच. पाहावयास येणाऱ्या लोकांच्या कौतुकानें तो टिकला असता असें वाटत नाहीं. २३ मे १९१० पासून पॅरिसच्या वेधशाळेची वेळ मनोऱ्यावरून नियमितपणें प्रसृत होऊं लागली. लहरी दीर्घ, त्यामुळें त्या पृथ्वीच्या गोलाईस बिलगून क्षितिजापलीकडील जहाजांपर्यंत पोंचत. पुढें १९१३-१४ सालीं मनोरा व अमेरिकेंतील आर्लिंग्टन केंद्र यांजमधील इशाऱ्यांवरून पॅरिस व वॉशिंग्टन यांच्या रेखांशांतील अंतरहि मोजण्यांत आलें.